पणजीबाईंच्या जन्मगावाची नगरपालिका कुठे गेली? गाल्लुत्सोच्या नोंदी शोधताना

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला आहे की नाही हे तुम्हालाही दिसेल. तुम्ही साओ पावलोमध्ये राहता. तुमच्या यजमानांची पणजी इटलीहून ब्राझीलला आली. तिच्या तिथल्या लग्नाच्या कागदावर जन्मगाव ‘गाल्लुत्सो, फ्लॉरेन्स’ असं लिहिलंय आणि जन्मसाल १८९३. इटलीच्या सरकारी अभिलेखागारांचं ‘आन्तेनाती’ हे संकेतस्थळ उघडून तुम्ही फ्लॉरेन्स शहराच्या १८९३ च्या जन्मवह्या पान पान करून पाहिल्या, पण नाव सापडलं नाही. मग कुणीतरी सांगितलं की ते गाव इंप्रुनेतात गेलं. पण इंप्रुनेताची नगरपालिकाच मुळी १९२८ ची. आता घरात चर्चा सुरू झालीय की पणजीनं गावाचं नाव चुकीचं सांगितलं असावं, किंवा ब्राझीलमधल्या कारकुनानं ऐकलं तसं लिहिलं असावं.

पणजीनं सांगितलेलं नाव बहुधा अगदी बरोबर आहे. गाल्लुत्सो या नावाची स्वतंत्र नगरपालिका १८९३ मध्ये होती. १९२८ मध्ये ती मोडली. तिचा शहराकडचा भाग फ्लॉरेन्सला मिळाला, आणि दक्षिणेकडच्या डोंगराळ भागासाठी इंप्रुनेता ही नवी नगरपालिका उभी राहिली. म्हणून फ्लॉरेन्सच्या वह्यांत नाव नसणं आणि इंप्रुनेता १९२८ ची असणं या दोन्ही गोष्टी पणजीच्या म्हणण्याला धरूनच आहेत. तुमचं शोधणं चुकलेलं नाही, फक्त वही दुसऱ्या गावाची निघाली.

मी गेली बावीस वर्षं तोस्कानात, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रदेशात, राहते आणि जुन्या नोंदी शोधणं, त्यांची भाषांतरं करणं हेच माझं काम आहे. फ्लॉरेन्सच्या आसपासच्या उपनगरांचे कागद मागणाऱ्या लोकांपैकी निम्म्याहून अधिक जण याच ठिकाणी अडकतात. सुरुवातीच्या वर्षांत मीही अडकले होते. १९११ च्या एका लग्नाची नोंद शोधायची होती आणि घराचा आजचा पत्ता माझ्या हातात होता. त्या पत्त्यावरून मी सरळ आजच्या नगरपालिकेचं नाव धरलं आणि चार महिने भलत्याच ठिकाणी अर्ज करत बसले. ज्यांच्यासाठी शोधत होते ते आजोबा तेवढ्या काळात आजारी पडले. नोंद अखेर सापडली, आणि त्यांना ती दाखवताही आली. पण तेव्हापासून मी एक शिस्त पाळते: आधी तारीख ठरवायची, मग त्या तारखेला तो दारउंबरा कुणाच्या हद्दीत होता ते पाहायचं, आणि मगच अर्जाचा कागद हातात घ्यायचा.

यासाठी गाल्लुत्सोचा थोडा इतिहास सांगावा लागेल. तो जरा लांबेल, पण तुमची पुढची प्रत्येक चिठ्ठी कुठे पाठवायची हे त्यावरूनच ठरणार आहे.

फ्लॉरेन्सच्या दक्षिण वेशीला, म्हणजे पोर्ता रोमानाला, उभं राहून सिएनाकडे जाणारा जुना रस्ता धरला की तो ‘व्हिया सेनेझे’ आपल्याला गाल्लुत्सोला नेतो. चौक ओलांडून थोडं पुढे गेलं की टेकडीवर चेर्तोझा हा मठ दिसतो, मूळचा कार्थुझियन या एकांतवासी ख्रिस्ती संन्याशांचा. निक्कोलो अच्चायुओली या नेपल्सच्या दरबारातल्या फ्लॉरेन्सवासी मुत्सद्द्यानं चौदाव्या शतकाच्या मध्याला त्याची उभारणी सुरू केली. पुढे १५२३ मध्ये शहरात प्लेगची साथ आली तेव्हा पोंतोर्मो हा चित्रकार याच मठात येऊन राहिला आणि त्यानं तिथे भित्तिचित्रं काढली. बरेच प्रवासी मठ पाहून तसेच परत फिरतात, खालच्या चौकात थांबत नाहीत. तुम्ही कधी आलात तर नक्की थांबा. तिथे जुना पोदेस्ताचा वाडा आहे आणि त्याच्या भिंतीवर दगडी कुलचिन्हं ओळीनं बसवलेली आहेत. पोदेस्ता म्हणजे फ्लॉरेन्सनं ठरावीक मुदतीसाठी पाठवलेला न्याय-कारभाराचा अधिकारी. मुदत संपून जाणाऱ्यानं आपल्या घराण्याचं चिन्ह मागे ठेवायचं, अशी रीत होती. गाल्लुत्सो हे फ्लॉरेन्सच्या छायेतलं गाव असलं तरी त्याचं स्वतःचं कचेरीचं ठिकाण शतकानुशतकं होतं, याचा तो डोळ्यांसमोरचा पुरावा.

दान्तेच्या महाकाव्यात, स्वर्गाच्या सोळाव्या सर्गात, त्याचा पूर्वज काच्चाग्विदा हळहळतो की शहराची हद्द गाल्लुत्सो आणि त्रेस्पियानोपाशीच राहिली असती तर किती बरं झालं असतं. म्हणजे चौदाव्या शतकाच्या आरंभीसुद्धा शहर कुठे संपतं हे सांगायला गाल्लुत्सोचंच नाव घेतलं जात होतं. आज ही दोन्ही ठिकाणं फ्लॉरेन्सच्या हद्दीत आहेत.

आजच्या अर्थानं नगरपालिका म्हणावं असं काही घडलं ते तोस्कानाचा राज्यकर्ता ग्रँड ड्यूक पिएत्रो लेओपोल्दोच्या काळात. त्यानं १७७४ मध्ये फ्लॉरेन्सभोवतालच्या ग्रामीण भागाची नव्यानं मांडणी केली. जुने छोटे छोटे गट एकत्र करून ‘कोमुनिता’ तयार झाल्या आणि त्यांच्या कारभारात जमीनमालकांना वाटा मिळाला. फ्लॉरेन्स शहर तेव्हा तटबंदीच्या आत होतं. तटाबाहेर पाऊल टाकलं की दुसऱ्याची हद्द: लेन्याया, पेल्लेग्रीनो, रोवेत्झानो, ब्रोत्सी, गाल्लुत्सो, काझेल्लिना ए तोर्री अशी नावं शहराभोवती कड्यासारखी होती. यांतली बरीच नावं आज नगरपालिका म्हणून शिल्लक नाहीत, त्यामुळे तुमच्यासारखा प्रश्न पडणारे लोक फक्त गाल्लुत्सोचेच नाहीत. काझेल्लिना ए तोर्रीचं तर नावच १९२९ मध्ये बदलून स्कांदिच्ची झालं. तिथले वंशज नकाशात ‘काझेल्लिना’ शोधत बसतात.

पहिला मोठा धक्का १८६५ चा. इटलीची राजधानी तूरिनहून फ्लॉरेन्सला आली आणि एका रात्रीत शहराला जागा कमी पडू लागली. जुझेप्पे पोज्जी या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार नदीच्या उत्तरेचा तट पाडून रुंद रस्ते काढायचं ठरलं, आणि त्याच वर्षी हद्दवाढ झाली. लेन्याया, पेल्लेग्रीनो आणि रोवेत्झानो या तीन नगरपालिका मोडल्या. शेजारच्या इतर नगरपालिकांच्या शहराला चिकटलेल्या पट्ट्याही कापल्या गेल्या, त्यात गाल्लुत्सोही होती. (आपल्या लोकांना हा काळ एका वेगळ्या कारणानं आठवावा: कोल्हापूरचे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले, तेव्हा हे शहर इटलीची राजधानी होतं. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर, काश्चिने उद्यानाच्या टोकाला, त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथली छत्री आजही आहे, आणि शेजारच्या पुलाला लोक ‘इंदियानो’चा पूल म्हणतात.) राजधानी १८७१ मध्ये रोमला गेली, वाढवलेली हद्द मात्र तशीच राहिली.

तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की १८६५ नंतर उरलेली गाल्लुत्सो नगरपालिका पुढची साठहून अधिक वर्षं चालली. तिच्यात दोन अगदी वेगळ्या प्रकारचे भाग होते. एक व्हिया सेनेझेच्या काठाचा, शहराकडे रोज कामाला जाणारा. दुसरा आतल्या टेकड्यांचा: पोत्सोलातिको, तावार्नुत्से आणि इंप्रुनेता. इंप्रुनेता म्हटलं की तांबडी भाजकी माती. तिथल्या भट्ट्यांच्या कौलांनी आणि कुंड्यांनी अख्खा तोस्काना भरलाय. पणजीच्या कुटुंबात कुणी ‘फोर्नाचे’ म्हणजे भट्टीवर काम करायचं अशी आठवण असेल तर ती जपून ठेवा, ती शोधाला दिशा देईल. द्राक्षांचा तिथला उत्सव १९२६ मध्ये सुरू झाला, चार मोहल्ले एकमेकांशी चढाओढीनं रथ सजवतात. गंमत म्हणजे हा उत्सव सुरू झाला तेव्हा इंप्रुनेता हे गाल्लुत्सो नगरपालिकेतलं एक गाव होतं. उत्सव नगरपालिकेपेक्षा दोन वर्षांनी थोरला आहे.

आता १९२८ कडे येते. हे एकट्या गाल्लुत्सोबद्दल घडलं नाही, देशभर घडलं. फॅसिस्ट राजवटीनं १९२६ मध्ये निवडून आलेले सिंदाको म्हणजे नगराध्यक्ष आणि नगरसभा रद्द केल्या आणि त्यांच्या जागी सरकारनियुक्त अधिकारी बसवला. त्याला पदवी दिली ती जुनीच: पोदेस्ता. मग मार्च १९२७ च्या हुकूमनाम्यानं नगरपालिकांच्या हद्दी हव्या तशा बदलायचा अधिकार सरकारनं स्वतःकडे घेतला. काही वर्षांत इटलीतल्या नगरपालिकांची संख्या नऊ हजारांहून जास्त होती ती ७,३०० च्या आसपास आली. जेनोव्हानं तर १९२६ मध्येच शेजारच्या १९ नगरपालिका एका झटक्यात गिळल्या होत्या. फ्लॉरेन्सच्या वाट्याला १९२८ मध्ये ब्रोत्सी आणि गाल्लुत्सोचे भाग आले.

या विलीनीकरणाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. व्हिया सेनेझेचा भाग शहराशी जोडण्यात व्यवहार होता हे मी मान्य करते. घरं आधीच एकमेकांना लागत चालली होती, पाणी आणि वाहतूक एकत्र करण्यात अर्थ होता. पण तिथे राहणाऱ्या माणसांना कुणी विचारलं नाही, आणि विचारायला निवडलेली सभाच उरली नव्हती. युद्धानंतर १९४८ च्या राज्यघटनेत कलम १३३ आलं. त्यानुसार नगरपालिकांच्या हद्दी बदलायच्या तर प्रदेशाला कायदा करावा लागतो, आणि त्याआधी संबंधित लोकांचं मत घ्यावं लागतं. या एका अटीमागे १९२७-२८ च्या आठवणी आहेत असं मला कायम वाटत आलंय. देशात अनेक ठिकाणी मोडलेल्या नगरपालिका युद्धानंतर पुन्हा उभ्या राहिल्या. गाल्लुत्सो राहिली नाही. आज ती फ्लॉरेन्सच्या पाच ‘क्वार्तिएरें’पैकी, म्हणजे शहराच्या प्रशासकीय भागांपैकी, तिसऱ्यात, गाविनानाच्या जोडीनं, विभाग म्हणून नोंदलेली आहे.

इथवरचा इतिहास तुमच्या कामापुरता थोडक्यात असा मांडता येईल: घटना १८६५ च्या हद्दवाढीआधीची असेल तर जुनी मोठी गाल्लुत्सो, त्यानंतरपासून १९२८ पर्यंत लहान झालेली गाल्लुत्सो, १९२८ नंतर फ्लॉरेन्स किंवा इंप्रुनेता, वाडी कुठली त्यावर. पणजीचा जन्म मधल्या टप्प्यातला आहे.

मग नोंद कुठे शोधायची? इटलीच्या राज्यात सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ जानेवारी १८६६ पासून सुरू झाली. प्रत्येक वहीच्या दोन मूळ प्रती लिहिल्या जात. एक नगरपालिकेत राहायची, दुसरी वर्षअखेरीस न्यायालयाकडे जायची आणि कालांतरानं तिथून सरकारी अभिलेखागारात. मोडलेल्या नगरपालिकांच्या बाबतीत या दुसऱ्या प्रतीचं मोल फार. पहिली प्रत नगरपालिकेच्या वारसांबरोबर जाते, कपाटं हलतात, कचेऱ्या बदलतात. दुसरी प्रत त्या भानगडीत पडत नाही, कारण न्यायालय फ्लॉरेन्सचंच राहिलं. म्हणून मी नेहमी दुसऱ्या प्रतीपासून सुरुवात करते. ‘आन्तेनाती’वर फ्लॉरेन्सचं अभिलेखागार निवडल्यावर गावांच्या यादीत ‘फिरेंझे’ (फ्लॉरेन्सचं इटालियन नाव) सोडून ‘गाल्लुत्सो’ पाहा. कुठल्या गावाची कुठली वर्षं संकेतस्थळावर चढली आहेत हे गावागणिक बदलतं. त्यामुळे १८९३ तिथे दिसलं नाही तर नोंद नाही असं समजू नका. अभिलेखागाराला लिहून विचारा.

वही सापडली की आधी शेवटची पानं उघडा. तिथे वर्षाची सूची असते, आडनावांच्या क्रमानं. दहा-दहा वर्षांच्या सूचीही असतात, आणि पणजीचं जन्मसाल वर्ष-दोन वर्षांनी चुकीचं असण्याची शक्यता धरून चाला. परदेशी गेलेल्या माणसांची वयं कागदोपत्री सरकतात, यात कुणाचा खोटेपणा नसतो. जन्म कळवायला कायद्यानं पाच दिवसांची मुदत होती, तेव्हा २९ डिसेंबरचं बाळ पुढच्या वर्षाच्या वहीत सापडू शकतं. पानाच्या समासातले शेरे जरूर वाचा. कधी कधी लग्नाची नोंद तिथेच लिहिलेली असते, आणि तुमच्याकडच्या कागदाशी ती जुळली की शंका उरत नाही.

आता अटी सांगते, कारण सगळं सरळ असेलच असं नाही. ‘गाल्लुत्सोची’ या शब्दाचे तीन अर्थ होऊ शकतात.

पहिला, ती गाल्लुत्सो नगरपालिकेच्या हद्दीत जन्मली. माझा अंदाज हाच आहे.

दुसरा, ती जन्मली फ्लॉरेन्सच्या एखाद्या रुग्णालयात पण आईबाप गाल्लुत्सोचे. अशा वेळी मूळ नोंद शहरात आणि तिची नक्कल गाल्लुत्सोच्या वहीच्या दुसऱ्या भागात सापडण्याची शक्यता असते. म्हणून फक्त पहिला भाग चाळून थांबू नका, दुसरा भाग लोक हमखास विसरतात.

तिसरा अर्थ जरा नाजूक आहे आणि तो मी माझ्या अनुभवामुळे सांगते. फ्लॉरेन्समध्ये ‘इन्नोचेंती’ हे टाकलेल्या किंवा सांभाळायला दिलेल्या मुलांचं आश्रयस्थान पंधराव्या शतकापासून आहे. तिथली मुलं आजूबाजूच्या खेड्यांतल्या दाईंकडे वाढायला पाठवत. असं मूल जन्मानं शहरातल्या वहीत आणि आठवणीनं खेड्यातलं असतं. पणजीच्या लग्नाच्या कागदावर आईबापांची नावं पूर्ण दिली असतील तर हा मुद्दा सोडून द्या. नावं नसतील किंवा आडनाव वेगळं वाटत असेल तर मला लिहा. त्या संस्थेचं स्वतःचं अभिलेखागार आहे, आणि तिथल्या नोंदी अतिशय बारकाईनं ठेवलेल्या असतात. मी अशा तीन कुटुंबांबरोबर काम केलंय. तिन्ही वेळा कुटुंबाला आधी लाज वाटली आणि नंतर फार जिव्हाळा वाटला, कारण कुणीतरी त्या बाळाचे कपडेसुद्धा लिहून ठेवले होते.

चर्चच्या वह्या हा वेगळा आणि फार भरवशाचा रस्ता आहे. नगरपालिका मोडली म्हणून पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला परिसर, मोडत नाही. सान फेलीचे आ एमाची पॅरिश १९२८ च्या आधीही होती आणि नंतरही राहिली. (तिथल्या दफनभूमीत १९७५ चे नोबेलविजेते कवी एउजेनिओ मोंताले आहेत. त्यांना १९८१ मध्ये तिथे पुरलं तेव्हा ते गाव फ्लॉरेन्समध्ये येऊन पन्नासहून अधिक वर्षं झाली होती, पण स्थानिक म्हातारी माणसं अजून ‘फ्लॉरेन्सला जाऊन येतो’ असं म्हणत वेशीकडे निघत.) तोस्कानात एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: प्रत्येक चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं कुंड नसे. बाप्तिस्मा जवळच्या ‘पिएवे’त, म्हणजे असं कुंड असलेल्या मोठ्या चर्चमध्ये, होई, आणि फ्लॉरेन्सकडच्या मुलांचा शहरातल्या सान जोव्हान्नीच्या बाप्तिस्मागृहात. त्या बाप्तिस्मागृहाच्या वह्या पंधराव्या शतकाच्या मध्यापासूनच्या आहेत आणि कॅथीड्रलची ‘ओपेरा’ ही संस्था त्या सांभाळते. म्हणून पणजीची वाडी ठाऊक असेल तर मी दोन प्रश्न विचारते: पॅरिश कोणती, आणि त्या पॅरिशची मुलं बाप्तिस्म्याला कुठे नेत? इंप्रुनेताचं सांता मारिया हे मोठं चर्च स्वतःच पिएवे होतं, म्हणून टेकडीकडची कुटुंबं तिथे सापडायची शक्यता जास्त.

पणजीच्या आईबापांचे जन्म शोधायचे ठरवलंत तर ते बहुधा १८६६ च्या आधीचे निघतील. तेव्हा सरकारी नोंदणी आजच्या अर्थानं नव्हती, पण तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकांच्या राज्यात पाद्री आपल्या वह्यांच्या नकला एका मध्यवर्ती कचेरीला पाठवत. त्या नकला आज फ्लॉरेन्सच्या सरकारी अभिलेखागारात आहेत. त्याआधीची फ्रेंच अमलातली, १८०८ ते १८१४ ची, वेगळी मालिका आहे. इटलीच्या बऱ्याच भागांत एवढं सलग काही मिळत नाही, त्या मानानं तोस्कानाची कुटुंबं भाग्यवान.

पहिल्या प्रतीसाठी, म्हणजे नगरपालिकेच्या दाखल्यासाठी, अर्ज करायचा तर मी एकाच मजकुराच्या दोन चिठ्ठ्या पाठवते, एक फ्लॉरेन्सला आणि एक इंप्रुनेताला. मजकुरात हे वाक्य असायलाच हवं: ‘पूर्वीच्या गाल्लुत्सो नगरपालिकेत जन्म’. इटालियनमध्ये ‘नाता नेल सोप्प्रेस्सो कोमूने देल गाल्लुत्सो’. ‘सोप्प्रेस्सो’ म्हणजे मोडलेली. हा एक शब्द असला की वाचणाऱ्याला कळतं कुठलं कपाट उघडायचं ते. आणि मागताना साधा जन्मदाखला मागू नका, ‘कोपिया इंतेग्राले’ मागा, म्हणजे पानावरचं सगळं, समासातल्या शेऱ्यांसकट, मिळेल. साध्या दाखल्यात नाव, तारीख आणि गाव एवढंच येतं, आणि त्यात गावाचं नाव आजच्या पद्धतीनं लिहिलं तर घरातला गोंधळ पुन्हा सुरू होईल.

पत्त्यांबद्दल सावध राहा. दोन नगरपालिका एक झाल्या की एकाच नावाचे दोन रस्ते उरतात, मग त्यातल्या एकाचं नाव बदलतात. घरांचे क्रमांकही बदलतात. पणजीच्या एखाद्या पत्रावर जुना पत्ता असेल तर तो आजच्या नकाशावर टाकून निष्कर्ष काढू नका. पत्राचा फोटो मला पाठवा, जुन्या नगरपालिकेच्या नकाशाशी ताडून पाहते.

तुम्ही लिहिलंत की हे सगळं पासपोर्टसाठी नाही, सासऱ्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी आहे. तरीही वाचणाऱ्या इतरांसाठी एक वाक्य: वंशावरून इटालियन नागरिकत्वाचे नियम २०२५ च्या मार्चमधल्या हुकूमनाम्यानं आणि मेमधल्या कायद्यानं बरेच आवळले आहेत. आता सर्वसाधारणपणे आईबाप किंवा आजी-आजोबांपर्यंतचाच धागा चालतो. पणजीवरून काही करता येईल का हे वकिलालाच विचारावं, मी त्यात सल्ला देत नाही.

वाढदिवसाला किती वेळ आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. सहा आठवड्यांहून कमी असेल तर चिठ्ठ्यांच्या उत्तराची वाट पाहू नका. आजच ‘गाल्लुत्सो’ खाली १८९३ ची वही उघडा, नसेल तर १८९२ आणि १८९४. सूचीत आडनाव दिसलं आणि अक्षर लागलं नाही तर त्या पानाचा क्रमांक मला कळवा. मी वाचून मराठीत उतरवून देईन. अभिलेखागाराकडे मी दर बुधवारी असते, मूळ वही तिथे पाहता आली तर समासातला पुसट शेराही वाचता येतो.